आमच्यात कोणी पीत नाही

माझी भाची नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज आदिलाबादमध्येच, राहायला माझ्याकडे. मानसिक आजाराच्या रुग्णांची शुश्रूषा हा एक विषय त्यांना असतो. त्यात एक काम असं, की दारू सोडलेल्या किंवा सोडू पाहणाऱ्या लोकांची सभा भरते तिथे जायचं, मागच्या बाकावर बसून पाहायचं आणि रेकॉर्ड-बुकात लिहून आणायचं. ती गेली. एका शाळेच्या वर्गात, रविवारी संध्याकाळी, बरोबर दोन मैत्रिणी. आणि इकडे आमच्या घरात आठ दिवस धुसफूस.

"मुलीच्या जातीनं दारुड्यांत जाऊन बसायचं?" "दुसरं काही शिकायला नव्हतं का?" "उद्या स्थळ आलं तर काय सांगायचं?" मंडळातल्या एक काकू तर मुद्दाम भर उन्हात घरी आल्या. मी त्यांना पन्हं दिलं आणि विचारलं, काकू, नर्सनं दारुड्याला सलाईन लावलेलं चालतं, त्याची ओकारी काढलेली चालते, मग त्याचं बोलणं ऐकलेलं का चालत नाही? काकू म्हणाल्या, "अगं, आपल्यात हे नसतंच. मग आपल्या मुलीनं शिकून करायचं काय?"

आपल्यात हे नसतंच. या एका वाक्याशी मला भांडायचं आहे, म्हणून हा लेख.

भगिनींनो, सात व्यसनं आपण पाठशाळेत बोटांवर मोजायला शिकलो. मद्य, मांस, मधु यांचा त्याग हा श्रावकाचा पहिला धडा. औषध चाटवायला वैद्यानं मध सांगितला तर आपण गूळपाणी वापरतो, इतक्या आपण काटेकोर. आणि त्याच घरातला कर्ता पुरुष कापसाचा सौदा झाल्यावर हायवेवरच्या ढाब्यावर बसतो. तिथेही तो काटेकोरच असतो बरं! वेटरला बजावून सांगतो, भाजीत कांदा-लसूण नको. समोर ग्लास असतो, त्याबद्दल मात्र बजावायचं काही नसतं. लग्नाच्या हॉलमागे उभ्या गाड्यांच्या डिक्या कशाला उघडतात हे नवरदेवाच्या करवलीलाही माहीत असतं. तरी आपल्यात हे नसतंच.

दारू कोणाची, असं विचारलं की आपलं उत्तर तयार. गुडुंबा पितात ते तांडेवाले, मोहाची काढतात ते गोंड-कोलाम, कल्लू पितात ते खालच्या अंगाचे तेलुगू लोक, बेल्ट शॉप असतं ते खेड्यात. सगळं त्यांचं. पण बायांनो, गुडुंब्याला काळा गूळ लागतो, तुरटी लागते. तो गूळ आणि ती तुरटी गोंडाच्या शेतात पिकत नाही. कोणत्या तरी दुकानाच्या फळीवरून जाते. दुकान कोणाचं ते मी विचारत नाही. ज्यांच्या घरी दुकान आहे त्यांनी जेवताना विचारून पाहावं.

आता त्या सभेविषयी. पुढच्या महिन्यात मी स्वतः जाऊन बसले, कारण महिन्यातून एकदा त्यांची खुली सभा असते आणि खुल्या सभेला कोणीही जाऊ शकतं. एरवीची सभा फक्त त्यांची त्यांची. तिथे कोण होतं, कोण काय बोललं, हे मी लिहिणार नाही. रीत तेवढी सांगते.

लाकडी बाक, भिंतीवर मुलांचे पाढे, एका कोपऱ्यात स्टोव्हवर चहा. एकेक जण उठतो, आपलं नुसतं नाव सांगतो, आडनाव नाही, आणि म्हणतो की मी दारुडा आहे. कोणी मराठीत, कोणी तेलुगूत, कोणी आपल्या इकडच्या हिंदीत. समोरचे हसत नाहीत, हळहळत नाहीत, मध्ये बोलत नाहीत, उपदेश करत नाहीत. तो थांबला की पुढचा. ज्याला सोडून चार वर्षं झाली त्याला टाळ्या, आणि ज्याला पाच दिवस झाले त्याला जास्त टाळ्या. सोडून पुन्हा प्यालेला मनुष्य परत येतो, तेव्हा त्याला दाराशी अडवत नाहीत, खुर्ची सरकवतात. शेवटी एक डबा फिरतो. ज्याला जे जमेल ते. त्यातूनच चहा आणि जागेचं भाडं. बाहेरच्या कोणाची देणगी ते घेत नाहीत, हा त्यांचा जगभरचा नियम आहे.

मला तर हे पाहून आपलं सभागृह आठवलं. तिथे पंख्याच्या पात्यावरही दात्याचं नाव असतं.

पहिल्या दिवशी माझी भाची वही उघडून बसली होती. सभा सुरू होण्याआधी एक वयस्क गृहस्थ तिच्याजवळ आले आणि म्हणाले, "बेटा, पाहाले आली त पाय. पण लिवू नोको. येथून बाहेर काहीच जात नाही." तिनं वही मिटली. मग कॉलेजात तिच्या रेकॉर्डवर लाल शेरा पडला, कारण 'व्यक्तीचे नाव, वय, व्यवसाय' हा रकाना कोरा होता. तिनं शेरा सोसला, रकाना भरला नाही. मार्क गेले दोन-चार. मी तिला त्या दिवशी श्रीखंड करून घातलं.

पण घरात आणि मंडळात आपण तिला पहिला प्रश्न कोणता विचारला? तो रकाना आपल्यालाही भरूनच हवा होता. "आपल्यापैकी कोण होतं गं?" काकूंनी विचारलं, जावेनं विचारलं, आणि लाज वाटते, पण मीही विचारलं. ज्या समाजात हे नसतंच, त्या समाजातल्या बायकांना ही चौकशी इतकी तातडीनं का करावीशी वाटावी?

ती म्हणाली, "आत्या, ते सांगायचं नसतं." जरा वेळानं भांडी पुसता पुसता तिनं मला उलट विचारलं, "आत्या, बाबांना कावीळच होती ना?"

तिचे बाबा म्हणजे माझा धाकटा भाऊ. २०१२ साली गेला. कापसाची अडत होती त्याची, बोलायला गोड, हिशोबाला चोख. गावभर आम्ही सांगितलं, कावीळ झाली. ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. कावीळ झाली होती. ती कशानं झाली हे आम्ही गिळलं. त्याच्या मुलीलाही आम्ही एवढंच सांगितलं, ती तेव्हा लहान होती. आता ती यकृताचे धडे परीक्षेला लिहिते. पोटात पाणी, पायाला सूज, रक्ताची उलटी, ही लक्षणं तिनं पुस्तकात वाचली आणि त्या वर्गात माणसांच्या तोंडून ऐकली. तिला कोणी सांगण्याची गरज उरली नव्हती. ती फक्त पाहत होती की आत्या अजूनही कावीळच म्हणते का.

मी त्या रात्री सगळं सांगितलं. इथेही सांगते, कारण त्यात एक गोष्ट अशी आहे जी प्रत्येक श्राविकेला माहीत असायला हवी आणि मला माहीत नव्हती.

त्याच्या आदल्या वर्षीच्या चातुर्मासात आम्ही त्याला महाराजांपुढे नेलं. घरच्या सगळ्या बायका मागे उभ्या. त्यानं नियम घेतला, आजपासून बंद. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही. आम्हाला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, घाम सुटला, झोप नाही. आम्ही म्हटलं, मन ओढतंय, णमोकार म्हण. त्याच रात्री त्याला झटका आला. तोंडाला फेस, दात खिळी. तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, नसलेली माणसं हाका मारायला लागली. काही जणी म्हणाल्या, नियम मोडायचा विचार मनात आला असेल, त्याची शिक्षा. काहींनी बाहेरची बाधा काढली. शेवटी भीतीनं म्हणा, कळवळ्यानं म्हणा, घरातल्याच एकानं त्याला थोडी पाजली. तो शांत झाला. आणि मग कायमचा तिकडेच गेला, कारण आता त्याच्या कपाळी नियम मोडल्याचं पापही लागलं होतं.

भाचीनं ऐकून घेतलं आणि पाठ केल्यासारखं सांगितलं. बरीच वर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर पहिल्या एक-दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात माणूस भ्रमात जाऊ शकतो, आणि त्यात जीवही जातो. म्हणून पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढायचे असतात. त्यासाठी गोळ्या असतात, ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं असतात. हे शरीराचं आहे, श्रद्धेचं नाही. आपल्या तेलंगणात २०१५ साली भेसळीच्या कल्लूवर धाडी पडल्या तेव्हा शेजारच्या निजामाबाद जिल्ह्यात काय झालं ते आठवा. त्या कल्लूत झोपेच्या गोळ्यांची भुकटी मिसळलेली असायची. ती एकदम बंद झाल्यावर माणसं सैरभैर झाली, फिट्स येऊन दवाखाने भरले. त्यांनी कुठे नियम घेतला होता?

नियम द्या, जरूर द्या. पण महाराजांच्या पायाशी नेण्याआधी दवाखान्याच्या पायरीशी न्या. एवढं जर कोणी तेव्हा आम्हाला सांगितलं असतं! आणि कोण सांगणार होतं? आपल्या घरांत नर्स व्हायचं नसतं आणि झालेलीनं दारुड्यांत बसायचं नसतं.

'झाकली मूठ' ठेवण्याचं समर्थन करणारे आपल्याकडे शास्त्राचा आधार देतात. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत उपगूहन आहे, दुसऱ्याचा दोष झाकावा. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडकात प्रत्येक अंगाला एकेक उदाहरण दिलंय, उपगूहनाला जिनेंद्रभक्त शेठ. ब्रह्मचाऱ्याच्या वेषात शिरलेल्या चोरानं त्याच्या चैत्यालयातलं वैडूर्य रत्न पळवलं. रखवालदारांनी चोराला गाठलं तेव्हा शेठ म्हणाला, मीच आणायला सांगितलं होतं. इथपर्यंतची गोष्ट आपल्याला फार आवडते. पुढचं आपण विसरतो. चारचौघांत झाकून झाल्यावर शेठनं त्याला एकट्याला गाठलं, खडसावलं आणि घराबाहेर काढलं. आपण झाकतो आणि तिथेच थांबतो. आणि झाकतो ते तरी कोणासाठी? पिणाऱ्यासाठी नाही. स्थळांसाठी, पेढीच्या पतीसाठी, समाजाच्या पाटीसाठी.

आणि उपगूहनाच्या लगेच पुढचं अंग कोणतं? स्थितीकरण. ढळलेल्याला परत उभं करणं. त्याचं उदाहरण वारिषेण मुनी. त्यांचा मित्र पुष्पडाल दीक्षा घेऊन बसला, पण बारा वर्षं मन घरच्या बायकोत. वारिषेणांनी त्याला हाकललं नाही, चारचौघांत त्याचं नाव घेतलं नाही. त्याला सोबत घेऊन ते स्वतःच्या राजवाड्यात गेले. आई चेलना राणीला वाटलं, पोरगा व्रतातून घसरून आला की काय? मग तिनं काय केलं? दार लावलं नाही. दोन आसनं मांडली, एक राजपुत्राचं, एक मुनीचं, आणि पाहत उभी राहिली. वारिषेण मुनीच्या आसनावर बसले, आपल्या सगळ्या राण्या शृंगारून समोर बोलावल्या आणि मित्राला म्हणाले, हे सगळं तू घे. पुष्पडाल तिथे जागा झाला.

गोष्ट जुनी आहे, त्यातल्या राण्यांना कोणी विचारलं नाही, हा माझा तिच्याशी वेगळा तंटा आहे. पण चेलनेची ती दोन आसनं माझ्या मनातून जात नाहीत. घसरलेला परत येईल तेव्हा त्याच्यासाठी आपल्या समाजात आसन कुठे आहे? त्या शाळेच्या वर्गात आहे. जे आपण शास्त्रात वाचतो ते तिथे गवंडी आणि ड्रायव्हर रविवारी करतात. गुरूपुढे दोष सांगणं, त्याला आपण आलोचना म्हणतो. रोजचं प्रतिक्रमण आपल्याकडे आहे. पण आपलं प्रतिक्रमण पुस्तकातून वीस मिनिटांत वाचून होतं. एकेंद्रिय जीवांची सगळ्यांची क्षमा मागून होते आणि शेजारी बसलेल्या बायकोची राहून जाते.

बायकोविषयी तर काय सांगावं. भाऊ प्यायला लागला तेव्हा आमच्याकडे पहिला न्याय वहिनीचा झाला. तिनं सांभाळलं नाही, ती टोचून बोलते, तिच्या पायगुणानं. मीही त्या न्यायाधीशांत होते. ती बिचारी अडतीवर निरोप द्यायची, आज ह्यांना बरं नाही. कर्ज लपवायची, जखमा लपवायची, आम्ही शाबासकी द्यायचो, घराण्याची लाज राखली म्हणून.

ही बाई जगात एकटी नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. अमेरिकेत ॲक्रन गावी १९३५ साली बिल नावाचा शेअर दलाल आणि बॉब नावाचा सर्जन, दोघंही दारूनं बुडालेले, एकमेकांना धरून उभे राहिले आणि ही सभांची पद्धत सुरू झाली. सुरुवातीला दवाखाने अशा रोग्यांना घेतच नसत. १९३९ साली त्याच गावात सिस्टर इग्नेशिया नावाची एक जोगीण रुग्णालयाच्या भरतीच्या टेबलावर बसायची. तिनं पहिल्या रोग्याला 'जठराचा दाह' असं लिहून आत घेतलं. म्हणजे तिनंही अर्धं खरं सांगितलं, आमच्यासारखंच. फरक बघा. तिच्या अर्ध्या सत्यानं माणूस दवाखान्याच्या आत गेला, आमच्यानं दवाखान्यापासून लांब राहिला. पुढे १९५१ मध्ये बिलच्या बायकोनं, लोइसनं, पिणाऱ्यांच्या बायकांची वेगळी संघटना उभी केली. आपल्या पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण काढलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या मदतीवर. तिथेही बायकांचा 'सहचरी' नावाचा गट बसतो. तिथे बाईला पहिल्यांदा हे सांगतात की त्याच्या पिण्याला तू जबाबदार नाहीस. माझ्या वहिनीला हे वाक्य आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं.

काही भगिनी म्हणतील, दारूची दुकानंच बंद करा, सभा कशाला? केली की बंद. १९९२ साली नेल्लोरच्या बायकांनी अशी उठवणी केली की सरकारला अरक बंद करावी लागली, १९९५ मध्ये सबंध आंध्रात दारूबंदी आली, तेव्हा आदिलाबादही आंध्रातच. दोन वर्षांत उठली. पैनगंगा-वर्धेपलीकडे चंद्रपूरला बायकांनी पायी मोर्चे काढून २०१५ मध्ये बंदी आणवली, २०२१ मध्ये तीही उठली. त्या बायकांपुढे माझं डोकं टेकतं. पण दुकान उघडं असो की बंद, ज्याला आधीच लागलेली आहे तो आणि त्याची बायको आज रात्री कुठे जाणार, हे मला विचारायचं आहे.

म्हणून मी आपल्या सभागृहाची मागची खोली मागितली. रविवारी एक तास. ती एरवी भांडी आणि मांडवाचे बांबू ठेवायला असते. वर्गाच्या बाकावर मोठी माणसं गुडघे दुमडून बसतात, म्हणून. भाडं ते देणार होते. उत्तर आलं, नाही.

कारणं ऐका. एक, मांसाहारी लोक आवारात येतील. येतातच, सभागृह लग्नाला भाड्यानं जातं तेव्हा वाढपी, बँडवाले, लाईटवाले कोण असतात? दोन, ते कुठल्याशा देवाची प्रार्थना करतात. करतात, आणि ज्यानं त्यानं आपला देव समजावा असं म्हणतात. त्यात आपल्याला बाधा येण्यासारखं काय आहे? तीन, सूर्यास्तानंतर आवारात चहा होईल. हे मात्र खरं. मी म्हटलं, पाच वाजता घेऊ. त्या मंडळींनी वेळ बदलायला होकारही दिला, आणि आपले लोक गप्प बसले. चौथं कारण कागदावर नव्हतं, एका सद्गृहस्थांनी मला बाजूला घेऊन सांगितलं: "ताई, आपल्या सभागृहात सभा भरली तर लोक म्हणतील, जैनांत दारुडे आहेत."

आहेत, दादा. माझा भाऊ होता.

तूर्त बायकांची बैठक माझ्या ओसरीवर बसते, शनिवारी दुपारी. कोण येतं ते सांगणार नाही. चपला मोजणाऱ्या शेजारणींनी चपला मोजाव्यात. ज्यांना इथवर येता येत नाही त्यांनी १४४४६ हा सरकारी नंबर फिरवावा, व्यसनमुक्तीसाठीच आहे, नाव सांगावं लागत नाही. भाची परीक्षेच्या धावपळीतून येते आणि ब्लड प्रेशर मोजून देते, कारण दुसऱ्याच्या पिण्यानं बायकांचं प्रेशर वाढतं हे तिच्या लक्षात आलंय.

खोलीचा अर्ज मी पुन्हा केला आहे. या वेळी खाली सह्या घेतल्या, आणि मुद्दाम पूर्ण नावानं, आडनावासकट, कारण लपायचं त्यांनी लपावं ज्यांना सावरायला आडोसा हवा, आपण नाही. एकवीस झाल्या आहेत. पहिली सही वहिनीनं केली. नवरा कशानं गेला, असं सही घेताना एकीनं तिला विचारलं. "दारूनं," ती म्हणाली, आणि पेन पुढच्या बाईला दिलं. अर्ज दिवाळीच्या आधीच्या सभेत येईल असं कळतं. सभेला बायकांना बोलावत नाहीत. आम्ही जाणार आहोत.